नकाराची ऐपत

लग्नाचा मांडव आहे, पंगत बसली आहे, पाने वाढून झाली आहेत. आणि एवढ्यात वरपक्षाकडील एखादे वडीलधारे गृहस्थ, आपल्याला मिळालेली मानाची टोपी दुसऱ्याच्या टोपीपेक्षा हलकी आहे एवढ्याच कारणासाठी, भरल्या ताटावरून उठून चालू लागतात. हे दृश्य वाचकांपैकी कोणी पाहिले नसेल असे आम्हांस वाटत नाही. हिशेबाने पाहिले तर त्या गृहस्थांचे दुहेरी नुकसान झाले. टोपी गेली ती गेलीच, वर जेवणही गेले. तरीही ते उठतात, उपाशीपोटी गावची वाट धरतात, आणि घरी जाऊन तांब्याभर पाणी पिऊन समाधानाने निजतात. आपण त्यांना हसतो. परंतु मनात कुठेतरी त्यांचा हेवाही करतो.

अर्थशास्त्राच्या जुन्या पाठ्यपुस्तकांत ह्या गृहस्थांना जागा नव्हती. तेथील मनुष्य केवळ लाभ पाहणारा. काहीच न मिळण्यापेक्षा थोडे मिळालेले बरे, हे त्याचे एकमेव तत्त्वज्ञान. १९८२ साली वेर्नर ग्यूट, रोल्फ श्मिटबर्गर आणि बर्न्ड श्वार्त्झे ह्या तीन जर्मन संशोधकांनी एक साधासा प्रयोग प्रसिद्ध केला, आणि ताटावरून उठणाऱ्या माणसाला अर्थशास्त्राचे दार उघडले. इंग्रजीत ह्या प्रयोगाला ‘अल्टिमेटम गेम’ म्हणतात. आपण त्यास ‘निर्वाणीच्या प्रस्तावाचा खेळ’ म्हणू.

खेळ असा. एकमेकांना अनोळखी अशी दोन माणसे. पहिल्याच्या हाती काही रक्कम दिली जाते, समजा शंभर रुपये. त्यातील किती दुसऱ्याला द्यावयाचे हे त्याने एकदाच सांगावयाचे. घासाघीस नाही, दुसरी फेरी नाही. दुसऱ्याने ‘हो’ म्हटले तर ठरल्याप्रमाणे वाटणी होते. त्याने ‘नाही’ म्हटले तर दोघांनाही काहीच मिळत नाही. शास्त्राच्या मते पहिल्याने एक रुपया देऊ करावा आणि दुसऱ्याने तो निमूटपणे घ्यावा. प्रत्यक्षात घडले ते निराळेच. पहिले लोक सामान्यतः चाळीस-पन्नास टक्के देऊ करीत, आणि वीस टक्क्यांच्या खालचा प्रस्ताव आल्यास दुसऱ्यांपैकी पुष्कळजण तो झिडकारून रिकाम्या हाताने निघून जात. पुढील चाळीस वर्षांत हा खेळ जगातील अनेक देशांत खेळविला गेला, आणि ह्या एका प्रयोगाभोवती एक मोठे वाङ्मय उभे राहिले.

अमरावतीस अर्थशास्त्र शिकणाऱ्या, आमच्याच धर्मग्रामातील एका मुलाने त्या वाङ्मयाचा काही भाग आमच्या टेबलावर आणून ठेवला आणि ‘फादर, हे वाचून पाहा’ म्हणून सांगितले. आम्ही अर्थशास्त्रज्ञ नव्हे. मग ह्या लेखनाची समीक्षा करण्याचा आमचा अधिकार कोणता, असे कोणी विचारील. आमचे उत्तर एवढेच, की सेमिनरीत आम्हांस दृष्टांत वाचावयास शिकविले गेले. दृष्टांतात पात्रे किती, बोलतो कोण, बोलू दिले जात नाही ते कोण, आणि कथा नेमकी कोठे थांबविली आहे, हे पाहिल्याशिवाय अर्थ लावू नये, असे आमचे गुरुजन सांगत. प्रयोगशाळेतील हा खेळ म्हणजे आमच्या मते एक आधुनिक दृष्टांतच आहे. तेव्हा दृष्टांताच्या वाचकाने तो कसा वाचावा, एवढेच आम्ही येथे पाहणार आहोत.

प्रथम ह्या वाङ्मयाचे ऋण मान्य केले पाहिजे. मनुष्य केवळ भाकरीने जगत नाही, ही गोष्ट आम्ही व्यासपीठावरून सांगत आलो; ह्या संशोधकांनी ती पैसे मोजून सिद्ध केली. अन्याय्य वाटणीला नकार देण्यासाठी सामान्य माणूस स्वतःच्या खिशाला चाट लावून घेतो, हे काही थोडेथोडके निरीक्षण नव्हे.

दुसरे ऋण विविधतेच्या दर्शनाचे. जोसेफ हेन्रिख आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बारा देशांतील पंधरा लहान समाजांत हा खेळ नेला. त्याचे निष्कर्ष २००१ साली आणि विस्तृत ग्रंथ २००४ साली प्रसिद्ध झाला. पेरूच्या जंगलातील माचिग्वेंगा लोक सरासरी २६ टक्के देऊ करीत, आणि घेणारे ते बहुधा घेत. इंडोनेशियातील लामालेरा गावचे लोक जिवावर उदार होऊन, एका नावेतून व्हेल माशाची शिकार करणारे. तेथे सरासरी ५८ टक्क्यांवर गेली. आणि पापुआ न्यू गिनीतील औ आणि ग्नौ ह्या जमातींत तर निम्म्याहून अधिक देऊ केले तरी लोक नाकारीत. कारण मोठी देणगी घेणे म्हणजे मोठ्या उपकाराखाली दबणे, अशी तेथील रीत. न्यायाची भूक सर्वत्र आहे, परंतु तिचे ताट प्रत्येक समाज आपापल्या रीतीने वाढतो, हे ह्या ग्रंथाने दाखविले. व्याह्याने पाठविलेला भारी आहेर परत करणाऱ्या आपल्याकडील आजीबाईंना औ लोकांचे वर्तन मुळीच विचित्र वाटणार नाही.

येथवर आमची तक्रार नाही. तक्रार सुरू होते ती आपल्याच देशातील एका प्रयोगापाशी. २०११ साली स्टेफेन अँडरसन, सेदा एर्ताच, उरी ग्नीझी, मोशे हॉफमन आणि जॉन लिस्ट ह्या पाच संशोधकांचा एक निबंध अमेरिकेतील अग्रगण्य अर्थशास्त्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. ईशान्य भारतातील गरीब खेड्यांत त्यांनी हा खेळ नेला. रक्कम वीस रुपयांपासून आरंभ करून हजारपटीने वाढवीत वीस हजारांपर्यंत नेली, आणि कमी देऊ करण्याचे प्रमाण वाढावे अशी प्रयोगाची मांडणी मुद्दाम केली. निष्कर्ष असा निघाला, की रक्कम जसजशी वाढते तसतसे नकाराचे प्रमाण घटत जाते आणि अखेरीस जवळजवळ शून्यावर येते. वीस रुपयांतील चार रुपये झिडकारणारा माणूस वीस हजारांतील चार हजार मुकाट्याने घेतो.

हा निष्कर्ष खरा आहे, ह्याविषयी आम्हांस शंका नाही. शंका आहे ती त्याच्या वाचनाविषयी. न्यायाचा आग्रह स्वस्त असेपर्यंतच टिकतो, रक्कम मोठी झाली की माणूस शहाणा होतो आणि जुन्या पाठ्यपुस्तकाप्रमाणे वागू लागतो, असे ह्यावरून म्हणता येईल, आणि पुष्कळजण तसे म्हणतीलही. आम्हांस मात्र ह्या आकड्यांत वेगळीच गोष्ट दिसते. चार रुपये नाकारणे त्या गावकऱ्याच्या ऐपतीत होते. चार हजार नाकारणे नव्हते. वाटणी दोन्ही वेळा तितकीच अन्याय्य होती, आणि ती अन्याय्य आहे हे त्याला दोन्ही वेळा तितकेच कळत असले पाहिजे. पालटले ते त्याचे ज्ञान नव्हे, पालटली ती नकाराची किंमत. आपल्या पूर्वजांनी हा सारा निबंध एका ओळीत लिहून ठेवला आहे: अडला हरी गाढवाचे पाय धरी. ह्या म्हणीत हरी गाढवाला देव मानू लागला, असे कोठेही म्हटलेले नाही.

आता दृष्टांताची रचना तपासू. ह्या खेळात पैसा आकाशातून पडतो. त्यात कोणाचा घाम नाही. पहिला कोण आणि दुसरा कोण हे योगायोगाने ठरते. खेड्यात ते बापजाद्यांपासून ठरलेले असते. खेळाडू परत कधी भेटत नाहीत. खेड्यात ते रोज एकाच पाणवठ्यावर भेटतात. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, नकार दिल्यास दोघेही सारख्याच शून्यावर येतात. प्रत्यक्ष व्यवहारात दोघांची शून्ये कधीच सारखी नसतात. एकाचे शून्य म्हणजे नफ्यातील तूट, दुसऱ्याचे शून्य म्हणजे रात्रीची चूल.

ह्या विषम शून्यांचा विचार सिद्धान्तकारांना सुचला नव्हता असे नव्हे. १९५० साली जॉन नॅश ह्या गणितज्ञाने सौद्याचे एक सुंदर गणित मांडले. बोलणी फिसकटल्यास कोणाची स्थिती काय होईल, हा त्याचा पायाच आहे. केंब्रिजचे ब्रेथवेट ह्यांनी १९५५ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या व्याख्यानात मत्तय आणि लूक अशी दोन पात्रे कल्पिली. हे शुभवर्तमानकार नव्हेत. एकाच घरात राहणारे दोन वादक. एक तुतारी वाजविणारा, दुसरा पियानो. मत्तयाला गोंगाटाची फारशी फिकीर नाही, म्हणून धमकी देणे त्याला परवडते. आणि गणिताने अधिक संध्याकाळी त्याच्याच पदरात टाकल्या. ज्याचे बोलणी मोडल्याने कमी बिघडते त्याला अधिक मिळते, हे भाकीत म्हणून उत्तम आहे. त्याला न्याय म्हणावयाचे काय? १९७० साली अमर्त्य सेन ह्यांनी आपल्या ग्रंथात ह्याच ठिकाणी बोट ठेवले. बेकारीच्या काळात मजूर माणसाला न शोभणाऱ्या मजुरीवरही राजी होईल, कारण करार झाला नाही तर उपासमार आहे. सौद्याचे गणित हे बरोबर सांगते, म्हणून काही ती मजुरी योग्य ठरत नाही, असा त्यांचा आशय होता.

ह्याहून सुमारे ऐंशी वर्षे आधी, १८९१ साली, पोप लिओ तेरावे ह्यांनी ‘रेरुम नोव्हारुम’ ह्या आपल्या परिपत्रकात हीच गोष्ट लिहिली होती. मालक आणि मजूर ह्यांनी खुशीने करार केला तरी त्या कराराहून जुना आणि थोर असा एक नैसर्गिक न्याय आहे. मजुराचा व त्याच्या घरादाराचा निर्वाह व्हावा ही त्या न्यायाची मागणी आहे. आणि गरजेपोटी किंवा अधिक वाईटाच्या भयापोटी मजुराने कठोर अटी पत्करल्या, तर ती त्याच्यावर झालेली जबरदस्तीच होय, असा त्याचा भावार्थ. सेमिनरीत आम्ही हे परिच्छेद परीक्षेसाठी पाठ केले होते. त्यांचा अर्थ कळण्यास आम्हांस फार वर्षे लागली, आणि तो कळला तो स्वतःच्याच चुकीतून.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. भाद्रपदाचे दिवस होते. आमच्या जिल्ह्यात हे दिवस हाताला काम नसण्याचे. निंदण आटोपलेले आणि कापूस अजून फुटावयाचा. मिशनच्या आवाराची भिंत पावसाने खचली होती. एका गवंड्याला बोलावले. त्याने आपली रोजी सांगितली. आम्ही त्याहून बरीच कमी सांगितली, आणि वर असेही म्हणालो, की नाक्यावर तुझ्यासारखे दहाजण उभे आहेत. तो क्षणभर जमिनीकडे पाहत राहिला. मग म्हणाला, “बरं हाये, फादर. तुमी देसान थे.” त्या रात्री धर्मग्रामाचे पैसे वाचविले म्हणून आम्हांस धन्यता वाटली. दोन आठवड्यांनी घरभेटीसाठी त्याच्या वस्तीत गेलो असता बोलता बोलता त्याच्या घरच्या बाईंनी सहज सांगितले, की भिंतीचे काम मिळाले त्या आठवड्यात घरात पिठाचा डबा रिकामा होता. तो होकार आमच्या प्रस्तावाला नव्हता, त्या रिकाम्या डब्याला होता. आम्ही शरमलो. फरकाची रक्कम दुसऱ्या दिवशी घेऊन गेलो. गवंड्याने ती घेतली नाही. “ठरलं थे ठरलं, फादर. आता हे भीक होते.”

खेळाच्या भाषेत बोलावयाचे तर त्या माणसाने दोन प्रस्तावांना दोन उत्तरे दिली. पहिला प्रस्ताव अन्याय्य होता. तो त्याने स्वीकारला, कारण नकाराची ऐपत नव्हती. दुसरा न्याय्य होता; तो त्याने नाकारला, कारण तोवर चार दिवसांची मजुरी हाती आली होती आणि मान राखण्याइतकी ऐपत परत आली होती. ज्या संशोधकाकडे ह्या दोन नोंदींखेरीज दुसरे काही नाही, तो त्या गवंड्याविषयी काय निष्कर्ष काढील? आणि आम्ही वापरलेले ते वाक्य, नाक्यावर दहाजण उभे असल्याचे? त्याचाही प्रयोग झालेला आहे. १९९१ साली आल्विन रॉथ आणि सहकाऱ्यांनी जेरुसलेम, ल्युब्लियाना, पिट्सबर्ग आणि टोकियो ह्या चार शहरांत दोन खेळ खेळविले. निर्वाणीच्या खेळात शहराशहरांत फरक पडला. दुसऱ्या खेळात एका विक्रेत्यासमोर नऊ खरेदीदार एकमेकांशी चढाओढ करीत होते. तेथे चारही शहरांत सौदा एकाच टोकाला गेला, जवळजवळ सारा लाभ एकट्याच्या पदरात. न्यायाची चाड असलेली तीच माणसे चढाओढीत उभी केली की न्यायाची भाषाच मावळते. एकट्याचा नकार ऐकू येतो. दहांच्या रांगेत तो कोणालाच ऐकू येत नाही, म्हणून कोणी तो उच्चारीतही नाही.

यवतमाळच्या वाचकाला ह्यासाठी टोकियोस जाण्याचे कारण नाही. त्याने कापसाच्या बाजारात जावे. येथे रांग विकणाऱ्यांची आहे. वऱ्हाडात कापसाचे सौदे नियमांत बसविण्याचे प्रयत्न देशात सर्वांत आधी झाले; कारंज्याचा बाजार १८८६ चा, आणि वऱ्हाडचा कापूस व धान्य बाजार कायदा १८९७ चा. त्यामागे एक जुनी पद्धत होती, जिला ‘हत्ता’ म्हणत. रुमालाखाली दलाल आणि व्यापारी एकमेकांची बोटे दाबून भाव ठरवीत. ज्याचा माल विकला जात असे तो शेतकरी शेजारीच उभा राहून रुमालाकडे पाहत असे. गुरांच्या बाजारात ही बोटांची भाषा आम्ही स्वतः पाहिली आहे. निर्वाणीच्या खेळात दुसऱ्या खेळाडूला निदान एकूण रक्कम किती हे तरी ठाऊक असते. रुमालाखालच्या सौद्यात तेही नाही. अन्याय झाला की नाही हे कळण्याचीच सोय नसेल, तर ताटावरून उठावे तरी कशासाठी?

उघड लिलावाने रुमाल गेला. परंतु नकाराची किंमत गेली नाही. शेतकरी कापूस घेऊन तालुक्याच्या गावी येतो तेव्हा गाडीचे भाडे लागलेले असते, वेचणीची मजुरी द्यावयाची असते, कृषी केंद्राची उधारी असते. भाव पटला नाही तर माल परत नेण्याचे स्वातंत्र्य त्याला कायद्याने आहे. ते स्वातंत्र्य वापरावयाचे तर परतीचे भाडे त्यानेच भरावयाचे. हमीभाव हा खरे पाहता नकाराची किंमत कमी करण्याचा उपाय आहे. खाली पडलो तर कोठवर पडू, ह्याची ती सीमा. २०२५-२६ च्या हंगामासाठी लांब धाग्याच्या कापसाला क्विंटलमागे ८,११० रुपये आणि मध्यम धाग्याला ७,७१० रुपये अशी ती जाहीर झाली. परंतु कापसात ओलावा आठ टक्क्यांच्या वर असेल तर सरकारी खरेदीत भाव कापला जातो, आणि बारा टक्क्यांच्या वर असेल तर माल घेतलाच जात नाही. ज्याला दिवाळीपूर्वी पैशांची निकड आहे, त्याच्याच कापसात ओलावा अधिक असतो; ज्याला वाळेपर्यंत थांबणे परवडते, त्यालाच सीमेचा आधार मिळतो. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये परदेशी कापसावरील अकरा टक्के आयात शुल्क वर्षअखेरपर्यंत सोडून देण्यात आले, ऐन वेचणीच्या तोंडावर. समोरच्या खेळाडूपाशी आणखी दहा पर्याय आहेत, हे शेतकऱ्याला पुन्हा एकदा कळविण्यात आले.

मग उपाय कोणता? रांगेतील माणसांनी एकत्र नकार देणे, हा एक. १९८० साली शरद जोशी ह्यांच्या शेतकरी संघटनेने नाशिक जिल्ह्यात ऊस-कांद्याच्या भावासाठी रस्ते आणि रेल्वे अडविली. पुढे हे आंदोलन आमच्या कापूसपट्ट्यातही आले. त्यांच्या ‘भीक नको, हवे घामाचे दाम’ ह्या घोषणेत आमच्या गवंड्याची दोन्ही उत्तरे एकत्र आहेत. दुसरा उपाय शासनाने केला. १९७२ साली कापसाची एकाधिकार खरेदी सुरू झाली आणि सुमारे तीस वर्षे ती ह्या ना त्या रूपाने चालली. हेतू दलालापासून सुटका हा होता. परंतु खरेदीदार एकच उरल्यावर, बाहेर भाव चढला की कापूस रात्रीच्या अंधारात शेजारच्या राज्यांत जाऊ लागला. प्रस्ताव देणारा सज्जन असला तरी नाकारण्याची वाट बंद झाली की सौदा सौदा राहत नाही, हा त्यातील धडा.

एकत्र नकाराचीही एक अट आहे, आणि ती प्रयोगांनीच दाखविली. कार्ला हॉफ, मयुरेश क्षेत्रमाडे आणि एर्न्स्ट फेर ह्यांनी उत्तर प्रदेशातील खेड्यांत केलेला अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. तेथे एका खेळाडूने दुसऱ्याचा विश्वासघात केल्यास, पीडिताच्याच जातीतील तिसऱ्या माणसाला स्वतःचे पैसे खर्चून त्या घातक्याला दंड करता येत असे. उच्च मानल्या गेलेल्या जातींतील लोकांनी आपल्या माणसासाठी कठोर दंड केला. खालच्या मानल्या गेलेल्या जातींतील लोक तसे करावयास कमी धजले. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या ‘नाही’ म्हटल्याबद्दल शिक्षा झाली, त्यांच्या तोंडी ‘नाही’ हा शब्द सहजासहजी येत नाही. नकाराची ऐपत केवळ पैशांची नसते. आमच्या जिल्ह्यातील कोलाम पोडांवर, जेथे व्यापाऱ्यासमोर लोक अद्याप खाली मान घालून उभे राहतात, ही गोष्ट आम्हांस प्रत्येक भेटीत जाणवते.

शेवटी, ज्या दृष्टांतावर आम्ही आयुष्यभर प्रवचने दिली, त्याच्याकडे वळतो. मत्तयच्या शुभवर्तमानाच्या विसाव्या अध्यायात द्राक्षमळ्याचा धनी दिवसभर नाक्यावर फेऱ्या मारून मजूर आणतो, आणि संध्याकाळी सर्वांना सारखीच मजुरी देतो. पहाटे आलेले कुरकुर करतात. आम्ही बहुतेक वेळा त्यांना मत्सरी ठरवून मोकळे झालो. आता आम्हांस वाटते, की त्यांच्यावर आम्ही थोडा अन्याय केला. ते ताटावरून उठणारेच लोक आहेत, आणि न्यायाची मोजपट्टी त्यांच्या हाती आहे. परंतु कथेचे मर्म आणखी एका ठिकाणी आहे. पहाटेच्या मजुरांशी धन्याने दिनाराचा करार केला. संध्याकाळी पाच वाजता आलेल्यांशी कोणताच करार झाला नाही. त्यांच्यापाशी सौदा करण्यासारखे काही उरलेच नव्हते. दिवस सरला होता आणि कोणी त्यांना कामावर घेतले नव्हते. धन्याने त्यांना चार आणे देऊ केले असते तरी त्यांनी ते घेतले असते, हे त्यालाही ठाऊक होते. प्रयोगाच्या भाषेत, त्यांचा नकार शून्य टक्के. आणि नेमके त्यांनाच त्याने एका दिवसाची भाकर येईल इतके दिले. ज्याला नाही म्हणता येत नाही त्याच्या होकाराचा धन्याने फायदा घेतला नाही. त्या कथेतील न्याय आम्हांस आज येथे दिसतो.

म्हणून ह्या प्रयोगवाङ्मयाविषयी आमचे मत असे. त्याने मनुष्याविषयीचा एक मोठा गैरसमज दूर केला, आणि त्यासाठी ते वाचलेच पाहिजे. परंतु ते दुसऱ्या खेळाडूच्या मनाची चौकशी जितकी करते तितकी पहिल्याच्या सद्सद्विवेकाची करीत नाही. कोण किती पडते घेईल हे मोजण्यात त्याची सारी बुद्धी खर्ची पडते. पडते घेण्याची पाळी ज्याच्यावर आहे त्याच्याशी आपण कसे वागावे, हा प्रश्न मात्र प्रयोगशाळेच्या दारातच राहतो. तो प्रश्न सोडविण्यास वीस हजार रुपये लागत नाहीत. येत्या पाडव्याला गावोगाव सालगड्यांची साले ठरतील; वसईच्या वाड्यांत रोजंदारीवर माणसे येतील; कोणाच्या घरी धुणीभांडी करणारी बाई पगार वाढवून मागेल. त्या वेळी समोरचा माणूस जमिनीकडे पाहून ‘बरं हाये’ म्हणाला, तर वाचकांनी तेथेच सौदा पुरा झाला असे समजू नये. त्याच्या घरचा डबा भरलेला असता तर तो काय म्हणाला असता, एवढे एकदा मनाशी विचारावे, आणि मग आकडा सांगावा.

आमच्या आवाराची ती भिंत अजून उभी आहे. काम चोख झाले आहे. तिच्याकडे पाहताना आम्ही काय वाचविले हे आठवत नाही. ते शब्द मात्र आठवतात.